पाळी मागेपुढे होतेय? गोळी घेण्याआधी हे करा

पाळी आठ-दहा दिवस लांबली की आपल्याकडे बहुतेकींचा पहिला सल्लागार मेडिकलवाला असतो. तो पट्टीतून पाच-सहा गोळ्या कापून देतो. गोळ्या संपल्या की काही दिवसांत रक्तस्राव होतो, ‘आली एकदाची’ म्हणून जीव भांड्यात पडतो आणि विषय तिथेच मिटतो. दोन महिन्यांनी पुन्हा तीच पट्टी. पाळी का थांबली होती हे मात्र कुणी पाहिलेलंच नसतं. थायरॉईड बिघडलं असेल तर ते तसंच राहतं आणि दिवस गेले असतील तर तेही वेळेवर कळत नाही.

पाळीचं गणित बिघडलंय पण सुरुवात कुठून करावी हे सुचत नाही, अशा मुली-बायकांसाठी हे लिहिते आहे. मुलीची पाळी नुकतीच सुरू झालेल्या आयांसाठीही. आधी तारखा लिहायच्या, मग लघवीची तपासणी करायची, मग कारणाचा अंदाज घ्यायचा, मग डॉक्टर आणि औषध सगळ्यात शेवटी. घराघरांत हे नेमकं उलटं चालतं.

ताबडतोब दवाखाना गाठायची वेळ

पुढचं काही होत असेल तर तारखाबिरखा बाजूला ठेवा. रात्र असली तरी निघा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा.

- पॅड तासाभरात पूर्ण भिजतंय आणि असं सलग दोन-तीन तास चाललंय.
- रक्त जात असताना उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, छाती धडधडते, दरदरून घाम फुटतो.
- पाळी चुकलेली आहे आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय, डाग पडताहेत, चक्कर येतेय किंवा खांद्याच्या टोकाला दुखतंय. गर्भ पिशवीऐवजी नळीत रुजला असेल तर असं होतं. नळी फुटली तर रक्त पोटात साठतं, बाहेर मात्र थोडेसे डागच दिसतात. म्हणूनच बायका घरी थांबतात, आणि तेच जिवावर बेततं. तांबी बसवलेली असताना पाळी चुकली तर ही शंका आधी घ्यावी.
- दिवस गेल्याचं माहीत आहे आणि रक्त जातंय.
- बाळंतपणानंतर, गर्भपातानंतर किंवा गर्भपाताच्या गोळ्या घरीच घेतल्यावर ताप, ओटीपोटात दुखणं, घाण वासाचा स्राव. गोळ्या कुणाला न सांगता घेतल्या असतील तरी डॉक्टरांना सांगा. त्यावरच पुढचे उपचार ठरतात.

पहिली पायरी: तारखा लिहा

चक्र मोजायचं ते एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. पाळी संपल्यापासून नाही. यात फार गल्लत होते. पाच दिवस रक्त जातं आणि नंतर तेवीस दिवसांनी पुन्हा येते, म्हणून एखादी ‘माझी तेवीस दिवसांनी येते’ असं सांगते; प्रत्यक्षात तिचं चक्र अगदी सरळ २८ दिवसांचं असतं. पहिला दिवस म्हणजे पॅड किंवा कापड घ्यावंच लागेल असा लाल स्राव सुरू झाला तो दिवस. आदल्या दिवशी तपकिरी डाग दिसले असतील तर ते वेगळे लिहा.

यासाठी काही विकत आणायला नको. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे लिहिता, तिथेच त्या तारखेला एक गोल करा. फक्त डिसेंबर संपला की कॅलेंडर रद्दीत जातं आणि वर्षभराच्या नोंदीही त्याच्याबरोबर जातात, तेव्हा आधी त्या वहीत उतरवून घ्या. मोबाईलवरचं अ‍ॅप वापरत असाल तरी चालेल. पण अ‍ॅप पुढची तारीख सांगतं ती मागच्या तारखांच्या सरासरीवरून. पाळी मुळातच अनियमित असेल तर त्याने दाखवलेल्या ‘सुरक्षित’ दिवसांवर अजिबात विसंबू नका.

आता हिशेब करून पाहू. समजा तारखा अशा आहेत: ४ जून, ८ जुलै, ५ ऑगस्ट, १७ सप्टेंबर, १२ ऑक्टोबर. मधली अंतरं निघतात ३४, २८, ४३ आणि २५ दिवस. सर्वांत लांब ४३, सर्वांत आखूड २५, फरक १८ दिवसांचा. ही पाळी अनियमित आहे. दुसरीची अंतरं ३४, ३६, ३५, ३४ अशी आहेत. ती म्हणेल, ‘माझी दर महिन्याला चार-पाच दिवस पुढेच जाते हो.’ जाऊ दे. तिचं चक्रच ३५ दिवसांचं आहे आणि ते नियमित आहे. तिसरीला २ मार्चला आली आणि २८ मार्चला पुन्हा. ‘महिन्यात दोनदा’ म्हणून घरात काळजी सुरू होते, पण २६ दिवसांच्या चक्रात असं होणारच. महिन्याची तारीख आणि शरीराचं चक्र यांचं काही नातं नाही.

तारखेशेजारी आणखी थोडं टिपून ठेवा: किती दिवस गेलं, सगळ्यात जास्त गेलं त्या दिवशी किती पॅड लागले, गुठळ्या पडल्या का, दुखलं किती, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर डाग पडले का. त्या महिन्यात मोठा ताप, रात्रपाळी, परीक्षा, प्रवास, नवं औषध असं काही असेल तर तेही. कापड वापरणाऱ्यांनी दिवसातून किती वेळा बदललं ते लिहावं. मेन्स्ट्रुअल कप वापरत असाल तर सोन्याहून पिवळं, कारण बऱ्याच कपांवर मिलिलिटरच्या खुणाच असतात.

तीन महिन्यांच्या नोंदींवरून अंदाज येतो, सहा महिन्यांच्या असल्या तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं. पण नोंदी पूर्ण होईपर्यंत त्रास सोसत बसायचं, असा याचा अर्थ नाही.

अनियमित म्हणायचं कशाला?

१८ ते ४५ या वयात २४ ते ३८ दिवसांनी येणारी पाळी ठीक, असं जगभरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ संघटनांचा महासंघ मानतो. त्यालाच फिगो म्हणतात. जुन्या पुस्तकांत २१ ते ३५ हा आकडा सापडेल. बरोब्बर २८ दिवस कुणाचेच कायम नसतात. लांब आणि आखूड चक्रातला फरक साधारण २६ ते ४१ या वयात सात दिवसांपर्यंत आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे नऊ दिवसांपर्यंत चालतो. रक्तस्राव आठ दिवसांच्या आत थांबायला हवा.

मुलींचं मोजमाप वेगळं. पाळी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षात ती कशीही येते. मेंदू आणि अंडाशय यांचा मेळ बसायला वेळ लागतो. त्यानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत २१ ते ४५ दिवस धरतात. तीन वर्षं उलटली की मोठ्या बाईचाच हिशेब. तेरा वर्षांच्या मुलीची दुसरी पाळी दीड महिन्याने आली म्हणून तिला लगेच हॉर्मोनच्या गोळ्या सुरू करायचं कारण नाही. पण एकदाही ९० दिवसांहून जास्त खंड पडला, तर तेरा वर्षांची असो की तीस, दाखवायचं. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नाही, किंवा तेरा पूर्ण होऊन छातीची वाढच सुरू झाली नाही, तरीही दाखवायचं. ‘आमच्या घराण्यात उशिराच येते’ असं म्हणून सतराव्या वर्षापर्यंत थांबू नका.

अंगावरून जास्त जाणं कशाला म्हणायचं, हे बायकांना खरंच माहीत नसतं, कारण दुसरीचं किती जातं हे कुणी पाहिलेलं नसतं. आईला, बहिणीला तसंच जात असेल तर तेच नेहमीचं वाटतं. खुणा अशा: दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, रात्री उठून बदलावं लागतं, एकावर एक दोन पॅड लावावे लागतात, दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठ्या गुठळ्या पडतात, पाळीच्या दिवसांत कामावर किंवा शाळेत जाता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. जिना चढताना धाप लागणं, सारखा थकवा, केस गळणं यांचं मूळ कित्येकदा दर महिन्याच्या त्या जादा रक्तात असतं. मुलीला पहिल्याच पाळीपासून खूप जात असेल आणि घोळणा फुटणं, हिरड्यांतून रक्त येणं, दात काढल्यावर रक्त न थांबणं असंही होत असेल, तर रक्त गोठण्याचा दोष आहे का ते तपासायला सांगा. तो सापडला तर पुढे बाळंतपण आणि ऑपरेशनच्या वेळी मोठा धोका टळतो.

दुसरी पायरी: लघवीची तपासणी

पाळी चुकली आणि संबंध आलेला असेल तर सर्वांत आधी हे. ‘शक्यच नाही’ असं वाटत असलं तरी. निरोध वापरला होता, गोळी घेतली होती, बाळ अंगावर पितंय, वय पंचेचाळीस आहे, यांतल्या कशानेही शक्यता शून्य होत नाही.

तपासणीचं किट कुठल्याही मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं. गावात आशाताईंकडेही मिळतं. सकाळची पहिली लघवी घ्या, पाकिटावर लिहिले आहेत तितकेच थेंब टाका आणि दिलेल्या वेळेतच बघा. तासाभराने उमटलेल्या रेघेला अर्थ नाही. वेळेत उमटलेली दुसरी रेघ फिकट असली तरी ती ‘हो’च समजा. एकच रेघ आली आणि तरी पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा. स्त्रीबीज उशिरा सुटलं असेल तर पहिली तपासणी फसवी निघू शकते.

इमर्जन्सी गोळी घेतलेल्यांसाठी: त्या महिन्याची पाळी आठवडाभर अलीकडे किंवा पलीकडे जाऊ शकते, मध्येच डागही पडतात. आठवड्याहून जास्त उशीर झाला तर किट वापरा. आणि ही गोळी दर महिन्याला लागत असेल तर संततिनियमनाचं दुसरं नियमित साधन निवडायची वेळ आली आहे.

पाळी लांबते तेव्हा आत काय होतं

एवढं समजलं की पुढचं सोपं जातं. मेंदूकडून संदेश निघतो, मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी तो अंडाशयाला पोचवते, अंडाशयात स्त्रीबीज पिकतं आणि सुटतं. स्त्रीबीज सुटल्यापासून पुढची पाळी साधारण बारा ते चौदा दिवसांत येते आणि हा काळ फारसा बदलत नाही. बदलतो तो आधीचा काळ. म्हणजे पाळी उशिरा आली याचा अर्थ बहुतेक वेळा स्त्रीबीजच उशिरा सुटलं. ताप, परीक्षेचं टेन्शन, घरातलं आजारपण, झोपेची दैना यांनी मेंदूचा संदेश अडखळतो आणि एखाद्-दुसरी पाळी पुढे जाते. ती आपली आपण जागेवर येते.

स्त्रीबीज सुटलंच नाही तर मात्र वेगळं घडतं. पिशवीच्या आतलं अस्तर वाढत राहतं आणि त्याला ‘आता गळून पड’ असा निरोपच मिळत नाही. मग दोन-तीन महिने काही नाही आणि नंतर पंधरा-पंधरा दिवस थांबायचं नाव नाही, असा प्रकार होतो. ‘साठलेलं सगळं बाहेर पडतंय, बरंच आहे’ असं म्हणून बायका हे सोसतात. त्यात बरं काही नाही. एक तर रक्त कमी होतं. दुसरं म्हणजे असं वर्षानुवर्षं चाललं तर अस्तर जास्त जाड होऊन पुढे त्यात कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. तीन महिन्यांहून जास्त खंड पडू देऊ नये असं डॉक्टर सांगतात ते यासाठीच.

तिसरी पायरी: कारणाचा अंदाज

निदान डॉक्टर करतील. पण आपल्या नोंदी आणि अंगावरची लक्षणं यांची सांगड घालून गेलं तर बोलणं मुद्द्याचं होतं.

तरुण वयात सर्वांत जास्त आढळतो तो पीसीओएस, म्हणजे हॉर्मोनचा तोल बिघडून अंडाशयाचं काम विस्कटणं. आपल्याकडे बोलताना पीसीओडी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जननक्षम वयातल्या दर शंभर जणींत १० ते १३ जणींना तो असतो आणि बहुतेकींना त्याचा पत्ताही नसतो. पाळी लांबते, हनुवटीवर, ओठांवर, बेंबीखाली जाड केस येतात, मुरुमं हटत नाहीत, डोक्यावरचे केस विरळ होतात, मानेभोवती काळपट मखमली पट्टा दिसतो. तो पट्टा घासून जात नाही. तो मळ नसून शरीरात इन्शुलिन नीट काम करत नसल्याची खूण आहे, तेव्हा मुलीला ‘मान नीट धूत जा’ म्हणून बोलू नका. सडपातळ मुलींनाही पीसीओएस होतो.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘पीसीओडी’ लिहून आलं म्हणजे आजार ठरला असं नाही. पाळीची अनियमितता, पुरुषी हॉर्मोन वाढल्याच्या खुणा आणि सोनोग्राफीतलं चित्र या तिन्हींपैकी दोन असायला लागतात, शिवाय थायरॉईडसारखी इतर कारणं आधी बाजूला काढायची असतात. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झालेली नसतील तर सोनोग्राफीवरून निदान करूच नये असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, कारण त्या वयात निरोगी मुलींचं अंडाशयही तसंच दिसतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला एका सोनोग्राफीवरून ‘हिला पीसीओडी आहे, मूल होणार नाही’ असं घरात ऐकवलं जातं तेव्हा वाईट वाटतं आणि रागही येतो. पीसीओएस असलेल्या बहुतेकींना मूल होतं. काहींना त्यासाठी औषधांची मदत लागते, इतकंच.

थायरॉईड कमी पडत असेल तर पाळीत जास्त जातं, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ होतं, वजन वाढतं. जास्त झालं तर पाळी कमी होते, वजन उतरतं, हात थरथरतात. बाळ पाजत नसताना छातीतून दूध येत असेल तर प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हॉर्मोन वाढलेलं असू शकतं. हे काही औषधांनीही वाढतं: उलटीवरच्या काही गोळ्या, मानसिक आजारावरची काही औषधं. म्हणून चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवायचीच, पण मनाने औषध बंद करायचं नाही.

वजन झपाट्याने उतरलं, जेवण तोडलं, खेळाचा सराव अति झाला की पाळी थांबते. धावणाऱ्या, कबड्डी खेळणाऱ्या मुलींमध्ये याला ‘खेळाडू आहे, चालायचंच’ म्हणतात. चालायचं नाही. त्या मुलीची हाडं त्याच वयात घडत असतात आणि पाळी बंद राहिली तर ती ठिसूळ होतात.

संततिनियमनाची साधनंही यात आहेत. सरकारी दवाखान्यातल्या अंतरा इंजेक्शनने पाळी अनियमित होते किंवा बंद होते, छाया गोळीने लांबते, तांबीने पहिले काही महिने जास्त जातं. हे अपेक्षित असतं, तरी शंका वाटली तर विचारा. पिशवीतल्या गाठी, म्हणजे फायब्रॉइड, आणि पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला मऊ कोंब, यांत पाळी वेळेवर येते पण जास्त जातं किंवा मध्येच डाग पडतात. आणि एक कारण आपल्या देशात विसरून चालत नाही: पिशवीचा क्षयरोग. त्यात पाळी हळूहळू कमी कमी होत जाते, मूल राहत नाही. घरात कुणाला टीबी झाला असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा.

चौथी पायरी: डॉक्टरांकडे

धावपळीची गरज नाही, पण या-पुढच्या आठवड्यात वेळ घ्यावी अशा गोष्टी:

- गरोदर नसताना तीन महिने पाळी नाही. आधी नियमित असलेली अचानक विस्कटली आणि सलग तीन-चार महिने तशीच आहे.
- २१ दिवसांच्या आतच पुन्हा पुन्हा येते, किंवा आठ दिवसांहून जास्त चालते.
- वर सांगितल्याप्रमाणे अंगावरून जास्त जातं.
- दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसतं. हे एकदा झालं तरी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी.
- दुखणं इतकं की वेदनाशामक गोळी घेऊनही अंथरुणातून उठवत नाही.
- मूल हवंय आणि पाळी अनियमित आहे. अशा वेळी वर्षभर वाट पाहू नका.

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासून केली तरी चालते. रक्ताच्या पहिल्या तपासण्या तिथून होतात आणि गरज पडली तर ते ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवतात. किशोरवयीन मुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक असतं. तिथे मुलीला वेगळं बसवून बोलतात.

पहिला प्रश्न ठरलेला: ‘शेवटची पाळी कधी आली?’ उत्तर वहीत आहेच. पुढचे प्रश्न अवघड वाटू शकतात. ‘लग्न झालंय का?’ असं विचारलं जातं तेव्हा डॉक्टरांना बहुतेक वेळा संबंध आलाय का हे जाणून घ्यायचं असतं. लग्न झालेलं नसेल पण संबंध आला असेल तर ते सांगायलाच हवं, कारण त्यावर तपासण्या ठरतात. आई सोबत असेल तर ‘डॉक्टरांशी दोन मिनिटं एकटीने बोलायचंय’ असं म्हणता येतं. आयांनीही आपण होऊन बाहेर थांबावं. मुलीवर अविश्वास म्हणून नाही, तिला मोकळं बोलता यावं म्हणून.

तपासण्या साधारण अशा: हिमोग्लोबिनसाठी सीबीसी, थायरॉईडसाठी टीएसएच, प्रोलॅक्टिन, गरजेप्रमाणे साखर आणि इतर हॉर्मोन. काही हॉर्मोन पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तपासतात, तो दिवस विचारून घ्या. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी नक्की सांगा. बायोटिनमुळे थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो आणि ज्यांना थायरॉईडची तपासणी लागते त्याच बायका बहुधा या गोळ्या घेत असतात. प्रोलॅक्टिन थोडंसं वाढलेलं आलं तर घाबरू नका. सुई टोचण्याच्या ताणानेही ते वाढतं. शांत बसून पुन्हा करतात.

सोनोग्राफी दोन प्रकारे होते. पोटावरून करतात तेव्हा लघवी तुंबवून जावं लागतं. योनिमार्गातून केली तर चित्र जास्त स्पष्ट येतं आणि लघवी करून जायचं असतं. ज्या मुलींचा संबंध आलेला नाही त्यांची पोटावरूनच करतात. कुठलीही आतली तपासणी तुम्हाला विचारून, तुमच्या होकाराने व्हायला हवी, आणि खोलीत दुसरी स्त्री असावी असं तुम्ही सांगू शकता.

आता औषध

पाळी आणणारी गोळी वाईट नाही. तीन महिने खंड पडल्यावर अस्तर गळून पडावं म्हणून डॉक्टरही तीच देतात, पण दिवस गेलेले नाहीत याची खात्री करून आणि कारण शोधत असताना. पीसीओएसमध्ये संततिनियमनाच्या गोळ्या देतात, काहींना मेटफॉर्मिन हे मधुमेहातही वापरलं जाणारं औषध. वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्के उतरलं तरी कित्येकींची पाळी आपोआप मार्गी लागते. ऐंशी किलोच्या बाईला चार ते आठ किलो. हे जमण्यासारखं आहे. थायरॉईड कमी पडत असल्याचं निदान झालं तर गोळी रोज, सकाळी उपाशीपोटी. रिपोर्ट बरा आला म्हणून बंद करायची नाही.

मायग्रेनचा त्रास, रक्तदाब, घरात कुणाच्या पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास, सिगारेट किंवा मिश्रीची सवय असेल तर हॉर्मोनची गोळी सुरू होण्याआधी सांगा. हेच पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांनाही लागू आहे. गौरी-गणपती, घरचं लग्न, सत्यनारायण असला की या गोळ्या घरोघर घेतल्या जातात, जावा-जावांत वाटूनही. जावेला चालली म्हणून तुम्हाला चालेलच असं नाही. घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. माझं स्पष्ट मत विचाराल तर पूजेला पाळीची अडचण होऊ देऊ नये, पण तो निर्णय प्रत्येकीचा आणि तिच्या घराचा.

पपई, तीळ-गूळ, ओव्याचं पाणी जरूर घ्या. खाणं म्हणून ते चांगलंच आहे. बंद पडलेलं थायरॉईड त्याने सुरू होत नाही. नाव-पत्ता, घटक काहीच लिहिलेलं नाही अशी पुडी मात्र घेऊ नका.

चाळिशी ओलांडल्यावर

पाळी जाण्याआधीची काही वर्षं ती मागेपुढे होतेच. चक्र आधी आखूड होतं, मग दोन-दोन महिन्यांचे खंड पडतात, रात्री घाम फुटतो, अंगातून वाफा निघतात. हे वयाचं. पण अंगावरून भरमसाट जाणं हे वयाचं नव्हे. पंचेचाळिशीच्या पुढे असा रक्तस्राव होत असेल तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा घेऊन तपासतात. त्याला बायोप्सी म्हणतात. वजन, मधुमेह असं काही असेल तर त्याआधीही.

याच टप्प्यावर ‘पिशवी काढून टाका, कटकट संपेल’ हा सल्ला मिळतो. कधी कधी ते ऑपरेशन खरंच लागतं. पण आपल्या राज्यात ते किती सहज झालंय हेही पाहा. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची माहिती घेतली, तेव्हा ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. त्यांत चाळिशीच्या आतल्या कित्येक जणी होत्या. फडावर एक दिवस मोडला तरी पैसे कापले जातात, आणि पाळीचा त्रास असलेल्या बाईपुढे दुसरा कुठलाच मार्ग ठेवला गेला नव्हता.

मार्ग असतात. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, हॉर्मोनच्या गोळ्या, पिशवीत बसवायची हॉर्मोनची तांबी, फक्त पॉलिप किंवा गाठ काढणं. म्हणून ऑपरेशन सुचवलं की विचारा: नेमकं कशासाठी? बायोप्सी झाली का? औषधाने किंवा हॉर्मोनच्या तांबीने भागणार नाही का? अंडाशय ठेवणार की काढणार? अंडाशय लवकर काढलं तर पाळी अकाली गेल्याचे सगळे परिणाम, हाडांपासून हृदयापर्यंत, मागे लागतात. कॅन्सर निघालेला नसेल आणि रक्त जिवावर बेतेल इतकं जात नसेल तर सगळे कागद घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायला वेळ असतो, तो घ्या.

आणि पाळी जाऊन पूर्ण वर्ष झाल्यानंतर एकदा जरी रक्त दिसलं, साधा गुलाबी डाग पडला, तरी त्याच आठवड्यात दाखवा. पुष्कळदा आतली त्वचा सुकून पातळ झाल्यामुळे ते होतं आणि मलमाने भागतं. पण पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरची पहिली खूणही बहुतेक वेळा हाच डाग असते, आणि तेवढ्यावरच गाठला तर तो बहुतेक वेळा बरा होतो.